कट उधळला म्हणजे नेमकं काय होतं?

भटकी लेखणी (धागाकर्ता)

'हल्ल्याचा कट उधळला, अमुक जण ताब्यात' अशी दोन ओळींची बातमी आपण वाचतो आणि खाली सरकतो. हल्ला झाला तर त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं जातं, आयोग बसतात. न झालेला हल्ला नेमका कुठे अडला हे मात्र कुणी विचारत नाही. सध्या मी असेच खटले वाचतोय, निकालपत्रं आणि चौकशी अहवाल मिळतील तसे. सीमेपलीकडून आलेले हल्लेखोर नव्हेत. त्याच देशात शाळा शिकलेली, तिथेच नोकरी करणारी माणसं. विचारसरणी कुठलीही.

आधीच सांगतो, भारतातल्या प्रकरणांसाठी वेगळा धागा काढू. इथे ती आली की पाचव्या प्रतिसादात पक्षांची नावं येतात आणि विसाव्यात धागा वाचनमात्र होतो.

आता मुद्दा. आपली समजूत अशी की मोठ्या पडद्यासमोर बसलेला कुणीतरी एक संशयास्पद संदेश पकडतो आणि मग गाड्या धावू लागतात. वाचत गेलो तसं दिसलं की कट बहुतेकदा कुणाच्या तरी तोंडून फुटतो. शेजारी, दुकानदार, भाऊ, नाहीतर टोळीतलाच एखादा बिथरलेला.

लंडनचं २००४ चं प्रकरण घ्या, 'ऑपरेशन क्रेव्हिस'. त्या गटावर गुप्तचर खात्याची आधीपासून नजर होती, फोन ऐकले जात होते. पण गटाने ६०० किलो अमोनियम नायट्रेट खत घेऊन ठेवलंय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं हॅनवेल भागातल्या एका भाड्याच्या गोदामामुळे. एवढं खत आणून कोंडून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना शंका आली आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. पुढचं काम अस्सल पोलिसी. गुपचूप आतला माल बदलून निरुपद्रवी भुकटी भरली, आणि गोदामाच्या काउंटरवर एक महिला अधिकारी कर्मचारी म्हणून बसवली. गटातला एक जण खत बघायला आला तेव्हा तिच्याशीच बोलून गेला. ३० मार्च २००४ ला धरपकड झाली, २००७ मध्ये पाच जणांना जन्मठेप.

मला विचारायचंय ते असं: अशा वेळी पोलिसांनी हात नेमका कधी घालावा? खबरी कट फोडतो की कधीकधी तोच कट रचतो? आणि ज्याची टोळीच नाही, जो एकटाच खोलीत बसून काहीबाही ठरवतोय, तो सापडायचा कसा? खात्यातले, कायद्यातले, बाहेर राहणारे कुणी असतील तर जरूर लिहा.

तिरकस

छान. म्हणजे गोदामातल्या माणसाने फोन केला म्हणून लोक वाचले. मग सगळ्यांचे फोन, मेल, बँकेचे व्यवहार चाळणारी जी अवाढव्य यंत्रणा उभी केलीय, तिने गोळा केलेल्या माहितीचं काय लोणचं घालायचं?

बायनरी बाबा

@तिरकस, तुमचा टोमणा निम्मा बरोबर आहे. आकडेमोड करून बघा. समजा दहा कोटी लोक आहेत आणि त्यातले शंभर जण खरोखर धोकादायक. समजा तुमच्याकडे ९९ टक्के अचूक यंत्र आहे (असं यंत्र कुणाकडेही नाही, तरी धरून चला). ते शंभरातले ९९ पकडेल. पण उरलेल्यांतल्या एक टक्क्यालाही संशयित ठरवेल, म्हणजे दहा लाख निरपराध. आता या दहा लाख नव्व्याण्णव लोकांच्या दारात कोण जाणार?

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत सगळ्यांच्या फोन-कॉलच्या नोंदी सरसकट गोळा करायचा कार्यक्रम २०१३ मध्ये उघड झाला. खासगीपणा आणि नागरी स्वातंत्र्यावर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाने गुप्त कागदपत्रं पाहून जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. या कार्यक्रमामुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही. अज्ञात संशयित कळायला ज्याची मदत झाली असं एकच प्रकरण निघालं. ते होतं सोमालियातल्या संघटनेला पैसे पाठवल्याचं. अमेरिकेत हल्ला करायचा कट त्यात नव्हताच.

न्यूयॉर्क पोलिसांचंही तेच. मुस्लिम वस्त्या, मशिदी, उपाहारगृहं इथे कोण बसतं, काय बोलतं याच्या नोंदी ठेवणारं एक पथक होतं. २०१२ मध्ये त्यांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की त्या पथकाच्या कामातून एकही धागा हाती लागला नाही. २०१४ मध्ये ते बंद केलं. एक मिळालं म्हणा: त्या वस्त्यांतले लोक पोलिसांशी बोलायचे बंद झाले.

पण निम्मा चूक असं म्हणालो कारण नेमकं ऐकणं आणि सरसकट ऐकणं यात फरक आहे. एकदा नाव हातात आलं की फोन, मेल, बँक, सगळं सोन्यासारखं. नाव शोधायला मात्र यंत्र फारसं कामाचं नाही.

जुनी वर्दी

खात्यात आयुष्य गेलं म्हणून चार ओळी.

'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली' हे वाक्य लोकांना छापील वाटतं. छापील आहेच. पण त्यामागे खरा माणूस असतो, आणि तो पोलिसांकडे देशप्रेमाने येतोच असं नाही. कुणी पैशासाठी येतो, कुणी स्वतःची केस हलकी व्हावी म्हणून, कुणी टोळीत अपमान झाला म्हणून, आणि कुणी खरंच घाबरलेला असतो. हा शेवटचा सगळ्यात मोलाचा. तो स्वतःहून आलेला असतो, त्याला आपण शोधलेला नसतो.

ब्रिटनमध्ये 'नॅशनल अ‍ॅक्शन' नावाच्या नवनाझी गटावर डिसेंबर २०१६ मध्ये बंदी आली. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या एकाने पबमध्ये बसून साथीदारांना सांगितलं की आपण एका महिला खासदाराला सुऱ्याने मारणार आहोत. टेबलावर बसलेला एक जण आतून फिरलेला होता. त्याने वंशवादाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेला कळवलं, संस्थेने पोलिसांना. खासदार वाचल्या, बोलणारा जन्मठेपेवर गेला. लक्षात घ्या, तो माणूस थेट पोलिसांकडे गेला नाही. बंदी घातलेल्या संघटनेचा सदस्य असणं हाच तिथे गुन्हा, त्यामुळे पोलीस आधी मलाच आत टाकतील ही भीती. मधे विश्वासाचं कुणी होतं म्हणून बातमी पोचली.

आता हात कधी घालायचा. यावर रात्र रात्र वाद होतात. लवकर घातला तर न्यायाधीश विचारतो, आरोपीने केलं काय? नुसतं बोलला? उशीर केला तर प्रेतं मोजायची. आणि थांबायचं म्हणजे पाळत ठेवायची. एका माणसावर चोवीस तास पाळत म्हणजे पाळ्या, गाड्या, बदली माणसं धरून डझनावारी लोक लागतात. ब्रिटनने २०१७ मध्ये जाहीर केलेले आकडे बघा: त्यांच्या अंतर्गत गुप्तचर खात्याकडे चालू तपासातले सुमारे ३,००० जण, आणि पूर्वी तपास होऊन फाइल बंद झालेले २०,०००. कुणाच्या मागे माणूस लावायचा आणि कुणाला सोडायचं हे रोज ठरवावं लागतं.

लेखकांनी क्रेव्हिस सांगितलं, त्याचाच उरलेला भाग सांगतो. त्या गटाच्या मागे असताना पथकाला आणखी दोन तरुण दिसले, फोटोही काढले. ते पैशांच्या फसवाफसवीतले किरकोळ लोक वाटले, म्हणून मागे ठेवले. ७ जुलै २००५ ला लंडनच्या रेल्वेत आणि बसमध्ये चार स्फोट झाले, ५२ माणसं गेली. त्या चौघांतले दोघे हेच.

नंतर फोटो बघून 'कसं कळलं नाही' म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही.

निरुत्तर

अंगावर आलं हे. वाचनखूण साठवली.

शब्दवेडी

जुनी वर्दी, पण काहीतरी हाताशी आल्याशिवाय पकडायचंच नाही असं आहे का? तयारी हाच गुन्हा धरता येत नाही?

जुनी वर्दी

येतो की. ब्रिटनने २००६ च्या कायद्यात तेच केलं: दहशतवादी कृत्याची तयारी हा स्वतंत्र गुन्हा, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्यामुळे थोडं आधी उचलता येतं. कायद्याचं बारीक कुणी वकील सांगेल. मी प्रत्यक्षातलं सांगतो, विमानांचा कट.

ऑगस्ट २००६. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं न्यायची, असा बेत. पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोच्या एका फ्लॅटमध्ये पोलिसांनी गुपचूप कॅमेरा आणि मायक्रोफोन बसवला होता. ब्रिटिशांचं म्हणणं, अजून थोडं थांबू, पुरावा पक्का होऊ दे. अमेरिकनांना धीर नव्हता. ९ ऑगस्टला कटाशी संबंधित माणूस पाकिस्तानात पकडला गेला. ती बातमी लंडनला पोचली तर सगळे पसार होणार, म्हणून ब्रिटिशांना त्याच रात्री धावपळ करून सगळ्यांना उचलावं लागलं.

किंमत कोर्टात मोजावी लागली. २००८ मध्ये ज्यूरीने तिघांना खुनाच्या कटासाठी दोषी धरलं, पण विमानं उडवायची होती यावर एकमत झालं नाही. सगळा खटला पुन्हा चालवला. दरम्यान आरोपींचे पाकिस्तानशी झालेले ईमेल कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून कोर्टाच्या आदेशाने मिळवले. ब्रिटनमध्ये चोरून ऐकलेला फोन कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आदेशाने मिळवलेला साठवलेला मेल चालतो. सप्टेंबर २००९ मध्ये विमानांच्या कटाबद्दल तिघे दोषी ठरले.

निरुत्तर

म्हणजे विमानतळावर शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली फेकायला लावतात ती या लोकांची कृपा!

जुनी वर्दी

हो, तीच.

कलम ३६०

वकिली करते, फौजदारी. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण सगळ्यांत चिकट तोच आहे.

अमेरिकेत एक विचित्र गोष्ट आहे. 'देशांतर्गत दहशतवाद' याची व्याख्या तिथल्या केंद्रीय कायद्यात २००१ पासून आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. परदेशी संघटनांची सरकारी यादी आहे, त्यांना मदत केली की कलम लागतं. देशी संघटनांसाठी कायद्यात अशा यादीची तरतूदच नाही, कारण मग कुठल्याही नावडत्या संघटनेला यादीत टाकता येईल, अशी भीती. आणि ती अनाठायी नाही. १९५६ ते १९७१ एफबीआयने 'कॉइंटेलप्रो' नावाखाली नागरी हक्कांच्या चळवळी, डावे गट, कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना अशा अनेकांत माणसं घुसवली, निनावी पत्रं पाठवली, भांडणं लावली, मार्टिन लूथर किंग यांच्यावर पाळत ठेवली. १९७१ मध्ये काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातलं एफबीआयचं एक छोटं कार्यालय फोडून कागद पळवले तेव्हा ते बाहेर आलं. नंतर सिनेटच्या समितीने सगळं उकरलं आणि नियम आले.

तर देशी कटात तिथे आरोप लागतात शस्त्रांचे, स्फोटकांचे, अपहरणाच्या कटाचे. आणि पुरावा येतो खबरी आणि वेषांतर केलेल्या अधिकाऱ्यांकडून.

मिशिगनच्या गव्हर्नरबाईंना पळवून न्यायचा २०२० चा कट हा त्यातला नमुना. एक माजी सैनिक फेसबुकवरून एका सशस्त्र गटात गेला. तिथे पोलिसांना मारण्याची भाषा ऐकून हादरला आणि ओळखीच्या पोलिसाला सांगितलं. एफबीआयने त्याला म्हटलं, आत राहा आणि रेकॉर्ड कर. तो महिनोन्महिने राहिला. गटाने गव्हर्नरबाईंच्या सुट्टीतल्या घराची रात्री टेहळणी केली, पोलीस येऊ नयेत म्हणून जवळचा पूल उडवायची चर्चा झाली. स्फोटकं देऊ शकणारा 'ओळखीचा माणूस' म्हणून जो आणला तो एफबीआयचाच अधिकारी होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सगळे उचलले.

खटल्यात बचाव पक्षाने विचारलं: प्रवासाची व्यवस्था कुणी केली, बैठका कुणी भरवल्या, स्फोटकांचा विषय कुणी पुढे नेला? एप्रिल २०२२ मध्ये ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडलं आणि दोघांवर एकमत झालं नाही. ऑगस्टमध्ये फेरखटला होऊन ते दोघे दोषी ठरले. एकाला १६ वर्षं, दुसऱ्याला १९ वर्षं ७ महिने. केंद्र आणि राज्य मिळून १४ आरोपी होते, त्यातले पाच सुटले.

कायद्यात कसोटी काय? अमेरिकेत दोन प्रश्न: सरकारने फूस लावली का, आणि फूस लावण्याआधी आरोपीची गुन्ह्याकडे वृत्ती होती का. वृत्ती होती असं सरकारने दाखवलं की फुशीचा बचाव संपला. ब्रिटनमध्ये वेगळं. तिथे हा बचाव म्हणून चालत नाही, पण पोलिसांनी मर्यादा ओलांडली असं न्यायाधीशाला वाटलं तर तो खटलाच थांबवू शकतो. मला ब्रिटिश पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. कारण ती आरोपीचं मन तपासत बसत नाही, पोलिसांचं वागणं तपासते.

तिरकस

वकीलबाई, तुम्ही सौम्य उदाहरण दिलंत. न्यूबर्गचं सांगा की.

कलम ३६०

सांगते. २००९, न्यूयॉर्क राज्यातलं गरीब गाव. एफबीआयचा पगारी खबरी तिथल्या मशिदीत जायचा, श्रीमंत व्यापारी असल्याचं सोंग घेऊन. एका कफल्लक माणसाला त्याने अडीच लाख डॉलरपर्यंत आमिष दाखवलं. त्याने आणखी तिघे जमवले. सिनेगॉगसमोर (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ठेवायचे बॉम्ब खबऱ्याने आणले (अर्थात नकली), गाडीही त्यानेच चालवली. चौघांना २५ वर्षं. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनीच लिहिलं की गुन्ह्याची कल्पना सरकारची, साधनं सरकारची आणि वाटेतले अडथळेही सरकारनेच दूर केले. कायद्याने किमान शिक्षा ठरलेली असल्यामुळे त्यांचे हात बांधलेले होते. २०२३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी त्यातल्या तिघांची मुदतपूर्व सुटका मंजूर केली.

पण न्यूबर्ग दाखवून सगळे सापळे खोटे म्हणू नका. २०१६ मध्ये कॅन्ससच्या गार्डन सिटीत सोमाली कुटुंबं राहायची त्या इमारतीभोवती स्फोटकं ठेवून ती उडवायचा बेत तिघांनी केला होता. तिथेही खबरी होता, पण लक्ष्य त्यांनी स्वतः निवडलं होतं, स्फोटकांचे प्रयोगही स्वतः चालवले होते. रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येतं त्याला फुशीची गरज नव्हती. २५ ते ३० वर्षांच्या शिक्षा झाल्या. माझी कसोटी साधी: खबरी गेल्यावर बेताची दिशा बदलली, की आधीपासून होती तीच राहिली?

जुनी वर्दी

बाई, कोर्टात बसून ही कसोटी लावता येते. खबऱ्याशी गाडीत बसून बोलताना अवघड जाते. तो पैशावर काम करत असेल तर त्याला प्रकरण मोठं झालेलंच हवं असतं. म्हणून सांभाळणारा अधिकारी चांगला लागतो, आणि त्याच्यावर दुसरा.

संपादक मंडळ

रसायनांची नावं आणि प्रमाणं विचारणारा एक प्रतिसाद काढून टाकला आहे. असा प्रतिसाद पुन्हा आल्यास खातं गोठवलं जाईल.

तिरकस

बघा, इथेही पाळत!

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत राहतो. इथली दोन प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवली की चित्र पुरं होतं.

पहिलं २००७ चं, साउअरलँडमधल्या गटाचं. अमेरिकेकडून सूचना आली, पाळत सुरू झाली. गटाने हायड्रोजन पेरॉक्साइडची १२ पिंपं जमवली होती. पोलिसांनी त्यातलं द्रावण काढून पाणचट द्रावण भरलं आणि गटाला कळलंही नाही. एकदा माल बदलला की अधिकाऱ्याला श्वास घेता येतो, पुरावा जमेपर्यंत थांबता येतं. वर जुनी वर्दी म्हणाले त्या पेचावरची ही सगळ्यात सुबक तोड. सप्टेंबर २००७ मध्ये अटक, २०१० मध्ये चौघांना शिक्षा.

दुसरं प्रकरण इथल्या लोकांना अजून डाचतं. एनएसयू नावाची नवनाझी टोळी. तीन नवनाझी १९९८ मध्ये भूमिगत झाले. २००० ते २००७ त्यांनी दहा खून केले. नऊ जण तुर्की आणि ग्रीक वंशाचे, बहुतेक छोटे दुकानदार आणि व्यावसायिक. दहावी एक पोलीस. त्या नऊ खुनांत सगळी स्थलांतरितांची दुकानं, एकच पिस्तूल, आणि तपास कुठे चाललेला? मेलेल्यांच्याच घरात. ड्रग्ज असतील, तुर्की माफिया असेल, कौटुंबिक वैर असेल. वर्तमानपत्रांनी तर खाद्यपदार्थावरून टवाळखोर नाव दिलं होतं. कुटुंबं सांगत होती की हे वंशद्वेषातून चाललंय. २००६ मध्ये 'दहावा बळी नको' म्हणत कासेलमध्ये मोर्चाही काढला. कुणी ऐकलं नाही.

आणि खबरी नव्हते का? ढीगभर होते! घटना-संरक्षण खातं म्हणतात त्या इथल्या देशी गुप्तचर खात्याचे या तिघांच्या आसपास अनेक पगारी खबरी होते. २००३ मध्ये एका अतिउजव्या पक्षावर बंदी घालायचा खटला याच कारणाने कोसळला होता: पक्षाच्या नेतृत्वातच इतके सरकारी खबरी निघाले की पक्ष कोण चालवतंय हेच कोर्टाला कळेना. एनएसयू उघडं पडलं ते नोव्हेंबर २०११ मध्ये, बँक लुटून पळताना दोघे पोलिसांच्या हाती लागायच्या बेतात होते आणि त्यांनी स्वतःला संपवलं, तेव्हा. त्यानंतर काही दिवसांत गुप्तचर खात्यात खबऱ्यांच्या फाइली यंत्रात घालून कापल्या गेल्या. २०१२ मध्ये खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

त्यामुळे 'माणसं माहिती देतात' एवढ्यावर थांबू नका. माहिती होती. ऐकणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं की गुन्हेगार कसा दिसतो.

भटकी लेखणी

ऱ्हाइनकाठी, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा वजनदार आहे. माझं विधान सुधारून घेतो असं नाही, पण त्याला पुढचं अर्धं वाक्य तुम्ही दिलंत.

उत्तरवारा

नॉर्वेचं २२ जुलै २०११ कुणी आणलं नाही अजून. ७७ मृत्यू, आठ ऑस्लोतल्या बॉम्बस्फोटात, ६९ त्यानंतर उटोया बेटावरच्या गोळीबारात. एकटा माणूस, टोळी नाही, खबऱ्याला शिरायला जागाच नाही. खत सहज मिळावं म्हणून शेती भाड्याने घेतलेली. पोलंडमधल्या विक्रेत्याकडून थोडी रसायनं मागवली होती, आणि ती खरेदी सीमाशुल्क विभागामार्फत गुप्तचर खात्याला कळलीही होती. रक्कम किरकोळ, नाव इतर अनेक नावांत. पडून राहिलं.

आयोगाचा २०१२ चा अहवाल वाचाच. सरकारी इमारतीसमोरचा रस्ता गाड्यांना बंद करायचा निर्णय आधीच झालेला होता, अंमलबजावणी रेंगाळली होती. बॉम्बची गाडी त्याच रस्त्याने आत आली. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट: स्फोटानंतर दहाएक मिनिटांत एका पादचाऱ्याने पोलिसांना फोन करून सांगितलं की पोलिसी वेशातला, हातात पिस्तूल असलेला माणूस एका गाडीत बसून गेला, आणि गाडीचा नंबरही दिला. फोन घेणाऱ्या बाईंनी ते महत्त्वाचं आहे हे ओळखून पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि नियंत्रण कक्षातल्या प्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ती चिठ्ठी तिथे वीस मिनिटं पडून होती. त्या वेळात तो बेटाकडे गाडी चालवत होता.

शब्दवेडी

रसायनविक्रेत्यांवर आता काही बंधन आलंय का?

उत्तरवारा

युरोपियन युनियनमध्ये आहे. फेब्रुवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार स्फोटकांसाठी वापरता येतील अशा काही रसायनांची विक्री सामान्य ग्राहकाला बंद किंवा परवान्याने, आणि संशयास्पद व्यवहार २४ तासांत कळवायचा. ऑनलाइन बाजारांनाही लागू. अमेरिकेत उलटी गंमत: धोकादायक रसायनं ठेवणाऱ्या कारखान्यांच्या सुरक्षेचा कार्यक्रम संसदेने मुदत वाढवली नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये संपला. १६८ लोक मारणारा ओक्लाहोमा सिटीचा १९९५ चा बॉम्ब खताचाच होता, तरीही.

मैत्री

समुपदेशक आहे. एकट्या माणसाबद्दल लिहिते.

'एकटा' हा शब्द फसवा आहे. ११९ एकट्या हल्लेखोरांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना इरादा माहीत होता, कारण तो त्यांना सांगितला गेला होता. ओक्लाहोमाच्या हल्लेखोराने लष्करातल्या जुन्या मित्राला बेत सांगितला होता. मित्र गप्प बसला, नंतर १२ वर्षांची शिक्षा भोगायला गेला.

मग लोक का बोलत नाहीत? मुलगा बिघडलाय हे आईला कळतं. पण पोलिसांना फोन केला तर त्याचं आयुष्य संपलं, हेही तिला कळतं. तुरुंग आणि काहीच नाही यांच्यामधे तिसरं दार नसेल तर आई काहीच नाही हे निवडते. म्हणून डेन्मार्कमध्ये ऑरहूसला पोलीस, शाळा, समाजसेवा यांनी मिळून अशा तरुणांना मार्गदर्शक देण्याची पद्धत बसवली. जर्मनीत नवनाझी गटांतून बाहेर पडायला मदत करणारी संस्था २००० पासून आहे. ब्रिटनमध्ये 'प्रिव्हेंट' हा सरकारी कार्यक्रम आहे, लोक दहशतवादाकडे वळू नयेत याकडे लक्ष देण्याची कायदेशीर जबाबदारी त्यात शाळा-दवाखान्यांवरही आहे.

यांच्या मर्यादा पण सांगायला हव्यात. २०२१ मध्ये खासदार डेव्हिड एमेस यांना मारणारा तरुण पूर्वी प्रिव्हेंटकडे आला होता, फाइल लवकर बंद झाली. साउथपोर्टमध्ये २०२४ मध्ये तीन मुलींना मारणाऱ्याचं नाव २०१९ ते २०२१ दरम्यान तीनदा कळवलं गेलं. प्रत्येक वेळी उत्तर तेच: ठोस विचारसरणी दिसत नाही, म्हणजे आमच्या कक्षेत नाही. त्या मुलाला हिंसेचं वेड होतं, पण त्याला कुठलं लेबल चिकटत नव्हतं. आणि अमेरिकेत बफेलोला २०२२ मध्ये दहा जणांना मारणाऱ्याने आदल्या वर्षी शाळेत हिंसेबद्दल लिहिलं होतं. मानसिक तपासणी झाली, घरी सोडलं, पुढे त्याने कायदेशीररीत्या बंदूक घेतली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने आपल्या पोलिसांना अशा वेळी बंदूकबंदीसाठी कोर्टात अर्ज करणं सक्तीचं केलं.

तिरकस

मैत्रीताई, टोमणा नाही, खरंच विचारतोय. घरच्याने सांगितलं आणि त्याचं भलं झालं असं एक तरी उदाहरण?

मैत्री

भलं म्हणजे काय यावर आहे. 'युनाबॉम्बर'चं सांगते. १९७८ ते १९९५ पार्सलमधून बॉम्ब, तीन ठार, २३ जखमी. १७ वर्षं एफबीआयच्या हाती काही नाही. १९९५ मध्ये त्याचं लांबलचक निवेदन वर्तमानपत्रात छापलं. ते वाचायच्याही आधी भावाच्या बायकोला शंका आली होती; दिराला ती कधी भेटलेली नव्हती, फक्त पत्रं ऐकून माहीत. भावाने जुनी पत्रं काढली, भाषा ताडून पाहिली आणि वकिलामार्फत एफबीआयकडे गेला. एप्रिल १९९६ मध्ये मोंटानातल्या खोपटातून तो पकडला गेला.

भावाने नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. ते फुटलं. फाशी होऊ नये ही त्याची तळमळ होती. सरकारने फाशीच मागितली, शेवटी १९९८ मध्ये गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात जन्मठेप झाली. त्या कुटुंबाचं काय झालं हे नंतरच्या किती भावांनी वाचलं असेल, कल्पना करा.

जुनी वर्दी

खरं आहे. बातमीदाराचं नाव फुटलं की पुढची दहा वर्षं त्या भागातून कुणी येत नाही. नवा अधिकारी आला की त्याला आधी हेच सांगायचो.

तिरकस

आणि बक्षीस?

मैत्री

दहा लाख डॉलर जाहीर झालं होतं, ते भावाला मिळालं. वकिलांचा खर्च वगैरे वजा करून बहुतेक रक्कम त्याने बॉम्बमध्ये मेलेल्या आणि जखमी झालेल्यांच्या कुटुंबांना दिली. थोरला त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.